घरच्या सोलरसाठी इन्व्हर्टर किती किलोवॅटचा घ्यावा

‘घरात दोन एसी, एक गिझर आणि पाण्याची मोटर आहे, म्हणजे पाच किलोवॅटचा इन्व्हर्टर लागेल ना?’ सोलर बसवायचं ठरलं की बहुतेक घरांत पहिला प्रश्न हाच निघतो आणि चूक इथेच सुरू होते. महावितरणच्या लाइनला जोडलेल्या सोलरमध्ये इन्व्हर्टरचा आकार उपकरणांवरून ठरत नाही. तो पॅनेलवरून ठरतो आणि पॅनेल किती लागतील ते वीजबिलावरून. एसी सुरू असताना सोलर कमी पडलं तर उरलेली वीज लाइनवरून आपोआप येते, त्यासाठी इन्व्हर्टर मोठा लागत नाही. उपकरणांची बेरीज कामाला येते ती एकाच प्रसंगी: लाइट गेल्यावरही घर चालवायचं असेल तेव्हा.

दुसरी चूक याहून महागात पडते. किलोवॅटचा आकडा जुळला की काम झालं, असं समजून लोक सही करतात. व्होल्टेज आणि अँपिअर कुणी पाहत नाही. तीन किलोवॅटच्या पॅनेलला तीन किलोवॅटचा इन्व्हर्टर जोडला तरी तो सकाळी उशिरा सुरू होणं, दुपारी बंद पडणं किंवा थंडीतल्या एखाद्या सकाळी जळणं शक्य आहे. म्हणून खालचा क्रम सोडू नका.

## आधी हाताशी काय हवं

- मागच्या १२ महिन्यांची बिलं, किंवा महावितरणच्या अॅपवरची महिनावार युनिटं.
- बिलावर छापलेला मंजूर भार आणि फेज: सिंगल की थ्री.
- गच्चीचे सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजताचे फोटो, शक्य असेल तर डिसेंबरमधले.
- जे पॅनेल बसणार आहे त्याची डेटाशीट. ‘५४० वॅटचं’ एवढं सांगून चालणार नाही, मॉडेल नंबरासह हवी.
- ज्या इन्व्हर्टरचं नाव कोटेशनमध्ये आहे त्याचीही डेटाशीट.
- मीटरजवळ भर दुपारी मोजलेलं व्होल्टेज. घरात मल्टिमीटर नसेल तर वायरमनकडून मोजून घ्या.

व्हेंडर डेटाशीट द्यायला टाळाटाळ करत असेल तर तिथेच थांबा. ज्याला हे दोन कागद देता येत नाहीत, त्यानं गणित केलेलंच नसतं.

## टप्पा १: कोणत्या जातीचा इन्व्हर्टर हवा ते ठरवा

आपल्याकडे इन्व्हर्टर म्हटलं की पायऱ्यांखाली बॅटरीसोबत ठेवलेला डबा डोळ्यांसमोर येतो. सोलरचा इन्व्हर्टर वेगळा असतो आणि त्याचे तीन प्रकार आहेत.

ऑन-ग्रिडला बॅटरी नसते. पॅनेलची वीज तो थेट घराच्या वायरिंगमध्ये सोडतो आणि जास्तीची नेट मीटरमधून (आलेली आणि गेलेली दोन्ही वीज मोजणारा मीटर) बाहेर जाते. लाइट गेली की हा इन्व्हर्टर बंद होतो, बाहेर कितीही ऊन असलं तरी. ही खराबी नव्हे. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या गच्चीवरून शॉक बसू नये म्हणून ही सक्तीची सोय आहे.

हायब्रिडला बॅटरी जोडता येते आणि लाइट गेल्यावर ठरावीक सर्किट चालतात. ऑफ-ग्रिड म्हणजे लाइनशी देवाणघेवाणच नाही. शेतातलं घर, जिथे मीटर नाही अशी जागा.

माझं स्पष्ट मत: जिथे महिन्यातून दोन-चार तासच वीज जाते, तिथे ऑन-ग्रिड घ्या आणि पंखे-दिव्यांसाठी घरातला जुना बॅटरी इन्व्हर्टर तसाच राहू द्या. हायब्रिडचा जादा खर्च वसूल होतो तो रोज दोन-तीन तास भारनियमन असलेल्या गावात.

तपासा: ‘लाइट गेल्यावर काय चालेल?’ याचं उत्तर व्हेंडरकडून लेखी घ्या. तक्रारी सगळ्यात जास्त याच एका गैरसमजातून होतात.

टप्पा २ ते ८ आणि १० ऑन-ग्रिड आणि हायब्रिड दोघांना लागू आहेत. टप्पा ९ फक्त हायब्रिडवाल्यांसाठी.

## टप्पा २: बिलावरून पॅनेलची क्षमता काढा

बारा महिन्यांची युनिटं मिळवा. फक्त मे महिन्याचं बिल धरलं तर सोलर गरजेपेक्षा मोठं होतं, जानेवारीचं धरलं तर तोकडं पडतं.

महाराष्ट्रात १ किलोवॅट पॅनेल वर्षभराच्या सरासरीनं दिवसाला साधारण ४ युनिटं देतं, म्हणजे महिन्याला १२०. मार्च-एप्रिलमध्ये यापेक्षा जास्त आणि जुलै-ऑगस्टमध्ये बरीच कमी. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यातली घट आणखी मोठी असते.

पुढच्या सगळ्या टप्प्यांसाठी एक घर धरू. खानदेशातलं, वर्षाचा वापर ४,४०० युनिटं; मे महिन्यात ५२०, जानेवारीत २६०. महिन्याची सरासरी सुमारे ३६७. त्याला १२० नं भागलं की ३.०६ किलोवॅट येतात. ५४० वॅटची ६ पॅनेलं म्हणजे ३,२४० वॅट. या घराला एवढी पुरतात.

यापेक्षा मोठं बसवण्याचा मोह टाळा. नेट मीटरिंगमध्ये वर्षअखेरीस उरलेल्या युनिटांचा जो मोबदला मिळतो, तो आपण वीज विकत घेतो त्या दरापेक्षा खूपच कमी असतो. पुढच्या वर्षभरात नक्की एसी येणार असेल किंवा इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची असेल, तर ती युनिटं आत्ताच मिळवा. ‘कधीतरी लागेल’ म्हणून नको.

## टप्पा ३: गच्चीवर पॅनेलं कशी पडतील ते आखा

इन्व्हर्टरच्या आधी हे का? कारण सहाही पॅनेलं एका ओळीत, एकाच दिशेला बसतात की दोन भागांत विभागतात, यावर इन्व्हर्टरला किती एमपीपीटी हवेत ते ठरतं. एमपीपीटी म्हणजे पॅनेलांच्या एका गटातून जास्तीत जास्त वीज कुठल्या व्होल्टेजला मिळते ते सतत शोधणारा इन्व्हर्टरमधला भाग. वेगवेगळ्या दिशांची पॅनेलं एकाच गटात जोडली तर सगळा गट सगळ्यात कमकुवत पॅनेलाच्या चालीनं चालतो.

५४० वॅटच्या एका पॅनेलाला सुमारे २८ चौरस फूट लागतात. मधली मोकळी जागा आणि धुण्यासाठी चालायची वाट धरून ३ किलोवॅटला ३०० चौरस फूट मोकळी, उन्हातली जागा मोजा.

सावलीचा अंदाज उन्हाळ्यात घेऊ नका. मे महिन्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, सावली कुठेच दिसत नाही. डिसेंबरच्या मध्यावर उत्तर महाराष्ट्रात भर दुपारीही तो क्षितिजापासून साधारण ४६ अंशांवरच असतो. म्हणजे पाच फूट उंच पाण्याच्या टाकीची सावली दुपारी बारालाही उत्तरेकडे जवळजवळ पाच फूट पडते आणि सकाळी नऊला त्याच्या दुपटीहून लांब जाते. टाकी, जिन्याची खोली, शेजाऱ्याचा नारळ: सगळ्यांची डिसेंबरमधली सावली धरा.

आपल्या घरात सहा पॅनेलं दक्षिणेकडे तोंड करून एका ओळीत बसतात असं धरू. म्हणजे एक स्ट्रिंग (एकापाठोपाठ एक जोडलेल्या पॅनेलांची साखळी), एक एमपीपीटी पुरेसा.

## टप्पा ४: किलोवॅट जुळवा

पॅनेलवर ५४० वॅट लिहिलेले असतात ते प्रयोगशाळेतल्या परिस्थितीत: ऊन १,००० वॅट प्रति चौरस मीटर आणि पॅनेलाच्या सेलचं तापमान २५ अंश. आपल्या गच्चीवर एप्रिलमध्ये हवा ४० अंशांवर असते तेव्हा सेल ६५ अंशांपर्यंत सहज तापतात. बाजारातल्या मोनो पर्क पॅनेलाची वीज प्रत्येक अंशामागे सुमारे ०.३५ टक्क्यानं घटते. ४० अंशांची वाढ म्हणजे १४ टक्के घट.

आपल्या घराचा हिशेब:

- ३,२४० वॅटमधून उष्णतेचे १४ टक्के गेले, उरले २,७८६.
- धुळीचे ४ टक्के गेले, उरले २,६७५.
- वायर आणि पॅनेलांमधला थोडाफार फरक यांचे ३ टक्के गेले, उरले २,५९५.
- इन्व्हर्टरची कार्यक्षमता ९७.५ टक्के, हाती आले साधारण २,५३० वॅट.

भर उन्हातही ३.२४ किलोवॅटची पॅनेलं अडीच किलोवॅटच्या आसपासच देतात. म्हणून या घराला ३ किलोवॅटचा इन्व्हर्टर पुरतो. ३.३ किंवा ३.६ चा मिळाला तरी बिघडत नाही, पण ५ चा घेण्याचं कारण नाही.

पॅनेलची क्षमता इन्व्हर्टरच्या क्षमतेच्या १.० ते १.२५ पट, हा घरासाठी सुरक्षित पट्टा. पॅनेलं पूर्व आणि पश्चिम अशी विभागलेली असतील तर १.३ पर्यंतही चालतं, कारण दोन्ही बाजू एकाच वेळी पूर्ण जोरात नसतात. महाबळेश्वर, इगतपुरीसारख्या थंड हवेच्या जागी मात्र १.१५ च्या वर जाऊ नका. तिथे पॅनेलं कमी तापतात, म्हणून जास्त देतात.

पट्टा ओलांडला तर काय होतं? ऐन दुपारी पॅनेलं ३.४ किलोवॅट द्यायला तयार असतात आणि इन्व्हर्टर ३ वरच अडवतो. अॅपमधला आलेख दुपारी डोंगरासारखा निमुळता न होता वरून सपाट दिसतो. वर्षातले काही तास असं झालं तर नुकसान किरकोळ. मार्च ते मे रोज दोन-तीन तास सपाट दिसत असेल तर इन्व्हर्टर लहान पडला.

सावधान, अनुदानाचा मुद्दा: पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० असे जास्तीत जास्त ७८,००० रुपये मिळतात. त्यासाठी प्रकल्पाची क्षमता धरताना पॅनेल आणि इन्व्हर्टर यांतला जो आकडा कमी तो घेतला जातो. ३.२४ किलोवॅट पॅनेलाला २.५ किलोवॅटचा इन्व्हर्टर जोडला तर अनुदान अडीचवर मोजलं जाईल. तसंच पॅनेलं दोन किलोवॅटची ठेवून इन्व्हर्टर पाचचा घेतल्यानं अनुदान वाढत नाही.

## टप्पा ५: व्होल्टेजची खिडकी तपासा

या टप्प्यावर जरा निवांत बसा, कागद-पेन घ्या. घरच्या सोलरमध्ये सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते इथे.

पॅनेल उलटं करा. मागच्या स्टिकरवर चार आकडे असतात. ५४० वॅटच्या नेहमीच्या मोनो पॅनेलावर ते साधारण असे दिसतील: व्हीओसी ४९.५ व्होल्ट, व्हीएमपी ४१.५ व्होल्ट, आयएससी (शॉर्ट सर्किट करंट) १३.९ अँपिअर, आयएमपी (काम करतानाचा करंट) १३ अँपिअर. व्हीओसी म्हणजे काहीही जोडलेलं नसतानाचं व्होल्टेज आणि व्हीएमपी म्हणजे काम करतानाचं. तापमान वाढलं की दोन्ही उतरतात, थंडीत दोन्ही चढतात.

इन्व्हर्टरच्या डेटाशीटमध्ये तीन आकडे शोधा: कमाल डीसी (पॅनेलांकडून येणाऱ्या विजेचं) व्होल्टेज, एमपीपीटीचा पट्टा आणि सुरू होण्याचं व्होल्टेज. घरगुती सिंगल फेज इन्व्हर्टरवर हे साधारण ५५० किंवा ६०० व्होल्ट, ८० ते ५०० व्होल्ट आणि १०० ते १२० व्होल्ट असे असतात. काही मॉडेलांत कमाल मर्यादा ५०० च आहे, ते बारकाईनं वाचा.

आता तीन तपासण्या.

थंडीतली तपासणी. तुमच्या भागात पहाटे पारा कुठवर उतरतो तो आकडा धरा. निफाडला कडाक्याच्या थंडीत तो ५ अंशांपर्यंत आणि त्याखालीही जातो. २५ पासून ५ पर्यंत २० अंशांचा फरक. व्हीओसी प्रत्येक अंशामागे ०.२८ टक्के वाढतो, म्हणजे ५.६ टक्के. सहा पॅनेलांचा व्हीओसी २९७ व्होल्ट, थंडीत तो सुमारे ३१४ होईल. ५५० च्या खूप खाली, काही चिंता नाही.

आता शेजारच्या बंगल्यात १० पॅनेलं एकाच स्ट्रिंगमध्ये घेतली आहेत असं समजा. व्हीओसी ४९५. इन्व्हर्टरची मर्यादा ५००. कागदावर बसतंय. पण थंड सकाळी तोच व्हीओसी ५२३ होतो. मर्यादेपेक्षा जास्त डीसी व्होल्टेज आलं की इन्व्हर्टरचा आतला भाग जळू शकतो आणि वॉरंटी मिळत नाही, कारण डेटाशीटमध्ये मर्यादा छापलेली आहे. उपाय सोपा: पाच-पाच पॅनेलांच्या दोन स्ट्रिंग, दोन एमपीपीटींवर.

उन्हातली तपासणी. सेल ६५ अंशांवर असताना व्हीएमपी साधारण १४ टक्के उतरतो असं धरा. सहा पॅनेलांचा व्हीएमपी २४९, उन्हात तो २१४ होईल. ८० ते ५०० च्या पट्ट्यात आरामात बसतो.

हीच सहा पॅनेलं सावलीमुळे तीन-तीन अशी विभागायची असतील तर एका गटाचा व्हीएमपी उन्हात १०७ व्होल्टच उरतो. पट्ट्यात आहे, पण काठावर. त्यातल्या एका पॅनेलावर टाकीची सावली आली की तो आणखी खाली येतो आणि तो गट काम थांबवतो. कमी व्होल्टेजवर चालणारं मॉडेल शोधा, किंवा मायक्रो-इन्व्हर्टरचा विचार करा. ते प्रत्येक पॅनेलाला स्वतंत्र बसतात, महाग पडतात, पण तुकड्यातुकड्यांच्या गच्चीवर पैसे वसूल करतात.

सुरू होण्याची तपासणी. उन्हातला व्हीओसी सुरू होण्याच्या व्होल्टेजपेक्षा भरपूर जास्त हवा. तीन पॅनेलांचा उन्हातला व्हीओसी सुमारे १३२ आणि इन्व्हर्टर १२० ला सुरू होणारा. एवढं कमी अंतर असेल तर ढगाळ दिवसात तो सारखा सुरू-बंद होत राहतो.

‘पुढे पॅनेलं वाढवू’ म्हणून मोठा इन्व्हर्टर आणि थोडी पॅनेलं घेणाऱ्यांची गाठ याच तपासणीशी पडते. मोठ्या इन्व्हर्टरचा पट्टा वर सरकलेला असतो. शिवाय तीन वर्षांनी तेच मॉडेल बाजारात मिळेल याचा भरवसा नसतो आणि वेगळ्या अँपिअरचं पॅनेल जुन्या स्ट्रिंगमध्ये घालता येत नाही. वाढवायचंच असेल तर दुसरा एमपीपीटी मोकळा ठेवा.

तपासा: टॉपकॉन पॅनेल घेत असाल तर वरचे टक्के बदलतात. वीज आणि व्होल्टेज दोन्हींची घट कमी असते. डेटाशीटवरचा तापमान गुणांक वाचून हिशेब पुन्हा करा.

## टप्पा ६: अँपिअर जुळवा

स्ट्रिंगमध्ये पॅनेलं कितीही वाढली तरी अँपिअर एका पॅनेलाएवढाच राहतो. आपल्या घरात आयएमपी १३, आयएससी १३.९.

इन्व्हर्टरवर दोन मर्यादा लिहिलेल्या असतात. पहिली, प्रत्येक एमपीपीटीचा कमाल काम करणारा करंट. तो १२.५ असेल आणि पॅनेल १३ चं असेल तर भर दुपारी थोडी वीज वाया जाईल, बाकी धोका नाही. दुसरी, कमाल शॉर्ट सर्किट करंट. ही कधीच ओलांडायची नाही.

दोन्ही बाजूंनी ऊन घेणारं बायफेशियल पॅनेल पांढऱ्या रंगवलेल्या गच्चीवर बसवलं तर मागून येणाऱ्या प्रकाशामुळे करंट वाढतो. १० टक्के धरा: १३.९ चे १५.३ होतात. मर्यादा १५ असेल तर तो इन्व्हर्टर बाद. गोदामात पडून राहिलेली जुनी मॉडेलं स्वस्तात मिळतात ती बऱ्याचदा याच कारणानं. ती १०-११ अँपिअरच्या जुन्या पॅनेलांसाठी बनलेली असतात. मोठ्या, २१० मिलिमीटर सेलच्या पॅनेलांत तर करंट १७-१८ अँपिअर असतो. अशा पॅनेलांना साधा घरगुती इन्व्हर्टर चालेल असं गृहीत धरू नका.

## टप्पा ७: फेज आणि लाइनचं व्होल्टेज

सिंगल फेज मीटरला सिंगल फेज इन्व्हर्टर, यात विचार करण्यासारखं काही नाही. ३ किलोवॅटला एसी बाजूनं, म्हणजे इन्व्हर्टरपासून मीटरकडे, १३ अँपिअर, ५ किलोवॅटला सुमारे २२.

थ्री फेज मीटर असेल तर घाई नको. लहान थ्री फेज इन्व्हर्टरना डीसी व्होल्टेज जास्त लागतं. सहा पॅनेलांचे २१४ व्होल्ट त्यांच्या पट्ट्याच्या अगदी तळाशी येतात. ३ किलोवॅटसाठी थ्री फेज घरातही सिंगल फेज इन्व्हर्टर एका फेजवर बसवला जातो. मात्र ती फेज गेली की सोलर बंद, हे लक्षात घ्या, आणि कोणती फेज सगळ्यात कमी वेळा जाते ते वायरमनला विचारून तीच निवडा. ५ किलोवॅटच्या वर, पॅनेलं पुरेशी असतील तर, थ्री फेज इन्व्हर्टर घ्या.

मंजूर भाराची काळजी पूर्वीइतकी उरलेली नाही. २०२४ मधल्या केंद्रीय नियमदुरुस्तीनुसार १० किलोवॅटपर्यंतचे अर्ज तांत्रिक व्यवहार्यता तपासणीशिवाय मंजूर धरले जातात आणि गरज असेल तेवढा भार वाढवून देण्याचं काम वीज कंपनीचं असतं.

आता तो आकडा, जो बहुतेक कोटेशनांत नसतो: तुमच्या मीटरवरचं भर दुपारचं व्होल्टेज. लाइनचं व्होल्टेज २३० च्या ११० टक्क्यांवर, म्हणजे २५३ च्या पुढे गेलं की इन्व्हर्टरला स्वतःला लाइनपासून तोडावं लागतं. डीपीजवळच्या घरांत दुपारी २४५ ते २५० व्होल्ट सापडतात. त्यात इन्व्हर्टर वीज बाहेर ढकलतो तेव्हा स्वतःच्या टोकाशी व्होल्टेज आणखी चढवतो. किती, ते केबलवर अवलंबून आहे.

इन्व्हर्टर ते मीटर ३० मीटर, ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, १३ अँपिअर: साधारण ४ व्होल्टची वाढ. त्याच जागी २.५ ची अॅल्युमिनियम वायर वापरली तर ९ व्होल्टपेक्षा जास्त. मीटरवर २४८ असतील तर पहिल्या घरात इन्व्हर्टरला २५२ दिसतात आणि तो कसाबसा चालतो. दुसऱ्या घरात २५७ दिसतात आणि तो रोज दुपारी, ऐन कमाईच्या वेळेला, बंद पडतो. मग लोक म्हणतात इन्व्हर्टर लहान पडला. मोठा इन्व्हर्टर बसवला की जास्त करंट आणि आणखी जास्त ट्रिप.

तपासा: रविवारी दुपारी १२ ते २ च्या दरम्यान, आसपासचा वापर कमी असताना, मीटरवर तीनदा व्होल्टेज मोजा. २४५ च्या वर असेल तर आधी जाड तांब्याची वायर, शक्य तितकं कमी एसी अंतर, आणि सेक्शन ऑफिसला डीपीचा टॅप बदलण्यासाठी लेखी अर्ज. हे सगळं इन्व्हर्टर ठरवण्याआधी.

## टप्पा ८: तो कुठे टांगणार?

बरेच इन्व्हर्टर ४५ अंशांपर्यंतच पूर्ण क्षमतेनं चालतात. त्यानंतर स्वतःला वाचवायला आपोआप उत्पादन कमी करतात. डेटाशीटमध्ये त्याचा आलेख असतो. चंद्रपूर, नागपूर, अकोल्याला मे महिन्यात सावलीतलंच तापमान ४५ गाठतं. पत्र्याच्या खोलीत ते त्याहून कितीतरी जास्त. ३ किलोवॅटचा इन्व्हर्टर तिथे दुपारी दोन किलोवॅटचाच होतो.

यावर मोठा इन्व्हर्टर हा उपाय नव्हे. उत्तरेची भिंत, वर छज्जा, चारही बाजूंनी कंपनीनं सांगितलेली मोकळी जागा आणि जमिनीपासून पुरेशी उंची. बंद कपाटात बसवू देऊ नका, दिसायला कितीही नीटनेटकं वाटलं तरी.

## टप्पा ९: हायब्रिड असेल तर उपकरणांची बेरीज

इथे, आणि फक्त इथे, घरातली उपकरणं मोजायची. तीही सगळी नाहीत. लाइट गेल्यावर जी चालायलाच हवीत तेवढीच. त्यांचं सर्किट वेगळं काढा.

फ्रिज २००, चार साधे पंखे ३००, दिवे १००, टीव्ही १००, वायफाय १५. बेरीज ७१५ वॅट. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर चार-पाच पट ओढतो, ते धरूनही ३ किलोवॅटच्या हायब्रिडला हा भार जड नाही.

पाण्याची मोटर घातली की चित्र बदलतं. १ एचपी मोटर चालताना साधारण १,१०० वॅट घेते, पण सुरू होताना काही सेकंद त्याच्या कैक पट करंट ओढते. बाकी भारासह ३ किलोवॅटचा हायब्रिड तिथे ट्रिप होण्याची शक्यता मोठी. मोटरसाठी ५ चा घेण्यापेक्षा मोटर बॅकअपच्या बाहेर ठेवा आणि लाइट असताना टाकी भरा. हजारो रुपये वाचतात. गिझर आणि इस्त्री यांनाही हाच न्याय.

व्हीए आणि वॅट यांची गल्लत करू नका. डब्यावर ३ केव्हीए असेल आणि पॉवर फॅक्टर ०.८ असेल तर तो २,४०० वॅटचाच.

बॅटरीचीही मर्यादा असते. ५१.२ व्होल्ट, १०० एएचची लिथियम बॅटरी म्हणजे ५.१२ युनिटं. तिला सतत ५० अँपिअरच देता येत असतील तर रात्री २,५६० वॅटच्या पुढे काही मिळणार नाही, मग इन्व्हर्टर ५ किलोवॅटचा का असेना. पीएम सूर्यघरमध्ये बॅटरीसाठी वेगळं अनुदान नाही, त्यामुळे हा खर्च पूर्ण तुमचा.

## टप्पा १०: कोटेशन वाचा, मग सही करा

कोटेशनवर ‘३ किलोवॅट ऑन-ग्रिड सिस्टीम, नामांकित कंपनी’ एवढंच असेल तर परत पाठवा. हे लिहून घ्या:

- पॅनेलाचं मॉडेल, संख्या, एकूण वॅट. अनुदान घेणार असाल तर पॅनेल डीसीआर (सेलसह भारतात बनलेलं) असल्याचा उल्लेख.
- इन्व्हर्टरचं पूर्ण मॉडेल, एसी क्षमता, एमपीपीटींची संख्या.
- एका स्ट्रिंगमध्ये किती पॅनेलं, थंडीतला व्हीओसी किती.
- इन्व्हर्टरला आयएस १६२२१ आणि आयएस १६१६९ ची प्रमाणपत्रं.
- एसी केबलची जाडी, धातू, लांबी.
- इन्व्हर्टरची वॉरंटी किती वर्षं, आणि बिघडल्यास बदली किती दिवसांत.

बसवण्याच्या दिवशी बॉक्सवरचा मॉडेल नंबर कोटेशनशी आणि महावितरणला दिलेल्या कागदांशी ताडून पाहा. ‘तेच आहे, फक्त नवीन व्हर्जन’ हे वाक्य आलं तर त्या व्हर्जनची डेटाशीट मागा आणि टप्पा ५ व ६ पुन्हा करा.

स्ट्रिंग इन्व्हर्टरला जोडण्याआधी तिचं व्होल्टेज व्हेंडरच्या माणसाकडून तुमच्यासमोर मोजून घ्या. सहा पॅनेलांना उन्हात २६० ते २९० च्या दरम्यान दिसायला हवं. २२० च्या आसपास दिसलं तर एक पॅनेल जोडलंच गेलेलं नाही. उणे चिन्ह दिसलं तर टोकं उलटी आहेत, जोडू देऊ नका. डीसी वायरला तुम्ही स्वतः हात लावायचा नाही.

नेट मीटर बसून सिस्टीम सुरू झाल्यावर पहिल्या स्वच्छ दिवशी दुपारी साडेबाराला अॅप उघडा. ३.२४ किलोवॅटला २.४ ते २.७ दाखवत असेल तर सगळं जुळलं आहे. १.५ च्या खाली दाखवत असेल तर सावली, सैल कनेक्टर किंवा उष्णता शोधा. शून्य आणि सोबत ग्रिड व्होल्टेजचा एरर असेल तर टप्पा ७ कडे परत जा, आणि व्हेंडर ‘मोठा इन्व्हर्टर टाकू’ म्हणाला तर आधी त्याला मीटरजवळचं आणि इन्व्हर्टरजवळचं व्होल्टेज एकाच वेळी मोजून दाखवायला सांगा.